खेळाडूची मजुरी आणि आपला रोष

धार जिल्ह्यातील डही हे गाव निमाडच्या टोकाला आहे. नर्मदा तेथून फार दूर नाही. आसपासची वस्ती बहुतेक आदिवासी असून शेतीची कामे आटोपली की अनेक कुटुंबे मजुरीसाठी गुजरातकडे जातात. नोकरीच्या निमित्ताने माझे काही काळ तेथे वास्तव्य होते. रविवारी सकाळी आमच्या ओसरीवर दहाबारा मुले शब्बाथशाळेला जमत.

डिसेंबर २०२४ च्या पहिल्या रविवारी धडा होता मत्तयाच्या विसाव्या अध्यायातील द्राक्षमळ्याच्या कामकऱ्यांचा. पण मुलांचे लक्ष धड्याकडे नव्हते. त्याच आठवड्यात आयपीएलचा लिलाव होऊन ऋषभ पंत याला लखनौच्या संघाने सत्तावीस कोटी रुपयांना घेतले होते. एक मुलगा म्हणाला, "मास्साब, हे सारे पैशासाठी खेळतात. देशासाठी कोण खेळतो?" मलाही ते पटले. मी म्हणालो, "खरे आहे. पूर्वीचे खेळाडू असे नव्हते," आणि विजय हजारे यांची गोष्ट सांगू लागलो.

मागे बसलेल्या एका मुलाने विचारले, "मास्साब, पूर्वीच्या लोकांना पैसे नको होते, की कोणी देत नव्हते?" मी काही बोलण्यापूर्वीच तो पुढे म्हणाला, "माझ्या बापूंची दोन महिन्यांची मजुरी ठेकेदाराने ठेवून घेतली. मागायला गेले तर म्हणाला, काम दिले हेच उपकार समज. तुम्ही लोक फार लोभी झालात."

त्या दिवशी मला उत्तर सुचले नाही. प्रार्थना करून मुलांना घरी पाठविले. परंतु प्रश्न माझ्यापाशीच राहिला. वाचकहो, तो आपणासमोर ठेवावा म्हणून हा लेख.

विजय हजारे यांचे नाव आपल्या घराघरांत अभिमानाने घेतले जाते. सांगलीच्या मराठी प्रॉटेस्टंट कुटुंबात, एका शिक्षकाच्या घरी १९१५ साली त्यांचा जन्म झाला. या माळव्याशीही त्यांचा संबंध होता, कारण बडोद्याला जाण्यापूर्वी ते सेंट्रल इंडियाच्या संघातून खेळत. १९४८ साली ॲडलेड येथे ब्रॅडमनच्या संघाविरुद्ध एकाच कसोटीच्या दोन्ही डावांत त्यांनी शतके केली. फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रास येथे भारताने पहिला कसोटी विजय मिळविला तेव्हा कर्णधार तेच होते. असा शांत आणि निगर्वी पुरुष विरळा. परंतु त्यांच्या पिढीने पैशाचा विचार केला नाही असे म्हणणे खरे नव्हे. त्या वेळी राजेरजवाडे खेळाडूंना पदरी ठेवीत. सी. के. नायडू नागपूरहून इंदूरला आले आणि होळकरांच्या फौजेत त्यांना अधिकारपद मिळाले. भाकरीची सोय कोणीतरी केलेली होती, म्हणून खेळाची आवड जपता आली. मात्र ती भाकरी कृपेची होती. कृपेने मिळते ते हक्काने मागता येत नाही, आणि राजाची मर्जी फिरली तर दाद कोठे मागावी?

मद्रासच्या विजयानंतर चारच महिन्यांनी हजारे यांचा संघ इंग्लंडमध्ये होता. त्या संघात विनू मंकड नव्हते. लँकेशायरमधील हॅस्लिंग्डन क्लबने त्यांना पगारी खेळाडू म्हणून बोलाविले होते. मंकडांचे म्हणणे एवढेच की, दौऱ्यासाठी माझी निवड निश्चित होणार असेल तर मी ही नोकरी सोडतो. तसे आश्वासन देण्यास मंडळ तयार झाले नाही, आणि संसारी माणसाने नोकरी पत्करली. पुढे लीड्सच्या कसोटीत दुसऱ्या डावात शून्य धावांवर भारताचे चार गडी बाद झाले, तेव्हा मंडळाने धावपळ करून क्लबकडून मंकडांना मोकळे करून घेतले. लॉर्ड्सवर त्यांनी ७२ आणि १८४ धावा केल्या आणि एकाच डावात ७३ षटके टाकून पाच बळी घेतले. सामना आपण हरलो, पण ती कसोटी मंकडांच्याच नावाने ओळखली जाते. आपल्या पोटाची चौकशी करणाऱ्या या माणसाने मैदानावर काही कमी दिले काय? मजुरी ठरवून मागणे आणि जीव ओतून काम करणे यांत विरोध नाही, याचा याहून चांगला दाखला मला ठाऊक नाही.

पुढील काळाकडे पाहा. १९८३ साली कपिल देवच्या संघाने विश्वचषक जिंकला तेव्हा खेळाडूंना बक्षीस देण्यास मंडळाजवळ पुरेसा पैसा नव्हता. लता मंगेशकर यांनी दिल्लीत गाण्याचा कार्यक्रम केला आणि त्या निधीतून प्रत्येकास एक लाख रुपये मिळाले. सहाच वर्षांनी, १९८९ साली, परवानगीवाचून अमेरिका व कॅनडात प्रदर्शनी सामने खेळल्याबद्दल वेंगसरकर आणि कपिल देव यांच्यासह सहा खेळाडूंवर मंडळाने एक वर्षाची बंदी घातली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि बंदी उठली. आपण प्रेक्षकांनी तेव्हाही खेळाडूंना लोभी म्हटले. मंडळाच्या तिजोरीकडे बोट दाखविणारे थोडेच होते.

मग प्रेक्षकाचा राग अगदीच खोटा काय? तसेही नाही. अमेरिकेत बेसबॉल हा खेळ आपल्या क्रिकेटसारखाच लोकांच्या जिवाचा आहे. १९९४ च्या ऑगस्टमध्ये तेथील खेळाडूंनी संप केला, कारण पगारावर मर्यादा घालण्याचा संघमालकांचा बेत होता. दोन्ही पक्ष हट्टाला पेटले. १९०४ नंतर प्रथमच त्या वर्षीची अखेरची स्पर्धा रद्द झाली. संप २३२ दिवस चालला. १९९५ साली खेळ पुन्हा सुरू झाला तेव्हा न्यूयॉर्कला तीन प्रेक्षक 'लोभ' हा शब्द छापलेले सदरे घालून मैदानात घुसले आणि खेळाडूंच्या पायाशी एकेक डॉलरच्या नोटा फेकू लागले. त्या वर्षी प्रेक्षकांची संख्या सुमारे एकपंचमांशाने घटली. आपल्याकडेही २०१४ च्या ऑक्टोबरात वेस्ट इंडीजचा संघ आपल्या मंडळाशी मानधनाचा वाद होऊन धर्मशाळेचा सामना झाल्यावर दौरा अर्धवट टाकून गेला. ज्यांनी पुढल्या सामन्यांची वर्षभर वाट पाहिली, त्यांचा या भांडणात काय अपराध?

प्रेक्षकाची तक्रार येथे न्याय्य आहे. त्याच्या तिकिटावर आणि त्याच्या वेळेवर हा सारा पैसा उभा असतो. दूरचित्रवाणीच्या जाहिरातीही त्याच्याच डोळ्यांसाठी असतात. तरी वाटाघाटीच्या मेजावर त्याला खुर्ची नसते. पण हा राग खेळाडूवर जितका, तितकाच मालकावर हवा. तसा तो असतो काय? २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे आयपीएलचे प्रक्षेपणहक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. त्या आकड्याने आपली झोप उडत नाही. सत्तावीस कोटींनी उडते, कारण सत्तावीस कोटी घेणाऱ्याचा चेहरा आपल्याला ठाऊक असतो, आणि काल तो आपल्यासारखाच गल्लीत खेळत होता असे आपल्याला वाटते.

येथे मला द्राक्षमळ्याचा दाखला नव्याने समजला. दिवसभर राबलेल्यांनी कुरकूर केली ती आपली मजुरी बुडाली म्हणून नव्हे. ठरलेले त्यांना मिळाले होते. शेजाऱ्याला कमी कामासाठी तितकेच मिळाले हे त्यांना सलले. धन्याने त्यांच्या नजरेतील तो दोष दाखवून दिला. पण याकोबाच्या पत्रातील पाचवा अध्याय दुसऱ्या बाजूने बोलतो. तेथे शेत कापणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते आणि ती ओरड परमेश्वराच्या कानी जाते. दोन्ही वचने एकत्र ठेविली म्हणजे आपल्या रोषाची परीक्षा होते. दुसऱ्याला मिळाले म्हणून आपण रागावतो, की कोणाचे तरी अडविले गेले म्हणून?

दुसरा राग ज्याला येतो त्याची दृष्टी आपोआप खाली वळते. रणजी सामन्यात उतरणाऱ्या खेळाडूस २०२१ साली ठरल्याप्रमाणे अनुभवानुसार दिवसाला चाळीस ते साठ हजार रुपये मिळू लागले. परंतु ज्याची निवडच होत नाही त्याचे वर्ष कसे जाते? २०२२ पर्यंत भारताच्या महिला खेळाडूंना पुरुषांइतके सामनाशुल्क नव्हते, आणि याबद्दल आपण किती वेळा रागावलो? खेळपट्टीवर पहाटे पाणी मारणाऱ्या माणसाचे नाव तरी आपणास ठाऊक आहे काय?

आणि मंडळीत आपण कसे वागतो? पाळकसाहेबांनी पगारवाढीचा विषय काढला की कोणीतरी म्हणतोच, "सेवेला आले आहेत की नोकरीला?" बायबलबाईला प्रवासखर्च देताना आपण तिच्या समर्पणाची स्तुती करतो आणि पाकीट हलके ठेवतो. कामकरी आपल्या मजुरीस पात्र आहे हे प्रभूने आपल्या शिष्यांना पाठविताना सांगितले. ते वचन आपण घेणाऱ्याला विनय शिकविण्यासाठी वापरतो, देणाऱ्याला कर्तव्य शिकविण्यासाठी क्वचितच. त्या ठेकेदाराचे बोलणे आणि आपले बोलणे यांत शब्दांचाच काय तो फरक.

पुढल्या रविवारी मी मुलांसमोर सांगितले की गेल्या वेळी माझे चुकले. मग त्या मुलाला म्हणालो, "तुझ्या बापूंनी मागितले ते हक्काचे होते." एवढे बोलून भागणार नव्हते. संध्याकाळी मी आणि गावातील आणखी एक गृहस्थ त्याच्या घरी गेलो. वडिलांनी भिंतीवर कोळशाने ओढलेल्या रेघा दाखविल्या. त्या मोजून आम्ही दिवसांचा हिशोब मांडला आणि अर्ज लिहिला. बऱ्याच खेपा घातल्यावर निम्मी रक्कम मिळाली. उरलेली मिळाली नाही.

शब्बाथशाळेच्या शिक्षकबंधुभगिनींना माझी एवढीच विनंती आहे. मुले क्रिकेटच्या पैशाबद्दल बोलू लागली तर त्यांना गप्प करू नका, आणि मी केले तसे 'पूर्वीचे लोक' पुढे करून मोकळेही होऊ नका. त्यांना विचारा, हा पैसा कोठून आला, कोणाकोणाच्या घामाने आला, आणि कोणाला मिळायचा राहिला? वर्गात एखादे मूल असे असेल की ज्याला या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर घरूनच ठाऊक आहे. त्याला बोलू द्या.