आजव्याचे पाणी आणि कचेरीतला माठ

पावसाळा लागला की बडोदेकर एकमेकांची तब्येत नंतर विचारतात, आधी आजव्याची पातळी. २११ फूट झाली का? दरवाजे उघडले का? आजवा म्हणजे शहराच्या पूर्वेला मातीचा लांबलचक बांध घालून केलेले सयाजी सरोवर. १८९२ पासून त्याचे पाणी शहरात नळाने येऊ लागले. योजना आखली आणि पार पाडली ती बडोदे राज्याचे अभियंते जगन्नाथ सदाशिवजी यांनी. शहराच्या पूर्व भागातली माणसे आजही ते पाणी पितात. अभियंत्याचे नाव मात्र शंभरातल्या एकाला तरी ठाऊक असेल की नाही, शंकाच आहे.

याच शहरात, नळ येऊन पंचवीस वर्षे झाल्यावर, कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकून आलेला एक तरुण अधिकारी सरकारी कचेरीत रुजू झाला आणि त्याला तिथे प्यायला पाणी मिळेना. शिपाई त्याच्या टेबलावर फाइली लांबून फेकत. साल १९१७. अधिकाऱ्याचे नाव भीमराव रामजी आंबेडकर.

राज्यकारभारात तंत्रज्ञ हवेत, धोरण ठरवताना विषयाची जाण असलेली माणसे टेबलाशी बसायला हवीत, ही मागणी अलीकडे पुष्कळ ऐकू येते. कृत्रिम बुद्धिमत्ता, विदासंरक्षण, डिजिटल ओळख असे विषय आले आणि मंत्रालयातल्या सर्वज्ञ साहेबांनाही घाम फुटला. मागणी योग्यच आहे. पण ती करणारे बहुतेक जण समजतात की जाणकार सरकारच्या दारापर्यंत नेऊन पोहोचवला की काम झाले. बडोद्याचा अनुभव वेगळा आहे. इथे दार सताड उघडे होते. अडले ते आतल्या माठापाशी.

दार किती उघडे होते तेही पाहू. बडोद्याचे महाराज सयाजीराव १८७५ साली कवळाण्याहून दत्तक आले तेव्हा बारा वर्षांचे होते आणि त्यांना अक्षरओळख नव्हती. १८८१ मध्ये त्यांच्या हाती अधिकार आले. आपल्याला काय येत नाही हे त्यांना पक्के ठाऊक होते, आणि राज्यकर्त्याच्या अंगी हा गुण विरळाच. महसुलासाठी त्यांनी १९०४ मध्ये रमेशचंद्र दत्त यांना आणले. इंग्रजी सारापद्धतीने शेतकरी कसा नागवला याचा आकड्यानिशी अभ्यास केलेला हा माणूस पुढे बडोद्याचा दिवाण झाला. ग्रंथालयांसाठी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन आले. त्यांनी नुसती पुस्तके लावून दिली नाहीत, ग्रंथपाल घडवणारे वर्ग काढले आणि खेडोपाडी फिरणाऱ्या पेट्यांची व्यवस्था बसवली. १८९० मध्ये त्रिभुवनदास गज्जर या रसायनशास्त्रज्ञाच्या हाती कलाभवन सोपवले गेले. तिथे रंगाई, विणकाम, यंत्रकाम शिकवले जाई, आणि तेही देशी भाषेत. दादासाहेब फाळके इथेच छायाचित्रण शिकले. गज्जरांच्या प्रेरणेतून आणि त्यांच्या शिष्यांच्या हातून १९०७ मध्ये अलेम्बिक कंपनी उभी राहिली.

देशी भाषेचा मुद्दा मला नेहमी थांबवतो. १९३१ मध्ये बडोदे सरकारने ‘सयाजीशासनशब्दकल्पतरु’ नावाचा कोश काढला. कारभारातल्या इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली पर्याय त्यात शेजारीशेजारी मांडले आहेत. जाणकाराचा शब्द कारकुनाला कळला पाहिजे आणि कारकुनाचा रयतेला, एवढी साधी समज त्यामागे होती. आज आपल्याकडे विदासंरक्षणाचा कायदा झाला तो २०२३ मध्ये. तलाठी कार्यालयातल्या माणसाला त्यातली ‘संमती’ म्हणजे नेमके काय, हे त्याच्या भाषेत कोणी बसून समजावले आहे का? विचारून पाहा.

आणि जाणकार म्हणजे पदवीधर, असाही तेव्हा हट्ट नव्हता. जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पुरा केला १८८३ मध्ये, आणि सयाजीरावांनी तो वेळ काढून ममतेने ऐकला, असे जोतीरावांनीच नमूद केले आहे. फुले बांधकामाचे कंत्राटदार होते, खडकवासल्याच्या धरणाच्या कामाशी त्यांचा संबंध होता. ताली आणि तलाव कसे बांधावेत, डोंगरावरून वाहून जाणारी माती शेतात कशी अडवावी, हे ते पुस्तकी पांडित्याने सांगत नव्हते. महाराज ऐकत होते ते एका समाजसुधारकाचे गाऱ्हाणे होतेच, शिवाय पाण्या-मातीच्या जाणकाराचा सल्लाही होता. असूडाची ही बाजू आपण फारशी वाचत नाही.

आता १९१७ कडे. आंबेडकरांना बडोद्याची शिष्यवृत्ती मिळाली १९१३ मध्ये. करार असा की शिक्षण संपल्यावर दहा वर्षे राज्याची नोकरी करायची. तो पाळण्यासाठी लंडनचा अभ्यास अर्धा टाकून ते परतले. त्यांना पुढे अर्थमंत्री करावे असा महाराजांचा मानस होता, असे चरित्रकार धनंजय कीर सांगतात. म्हणजे आजच्या भाषेत धोरण आखणाऱ्या वर्तुळात तज्ज्ञ आणण्याची आदर्श योजना! निवड नेमकी होती, प्रशिक्षण जगातले उत्तम होते, खर्च राज्याने केला होता, आणि वर खुद्द राजाचा वरदहस्त होता.

शहरात कोणी जागा देईना. हिंदू खाणावळीत प्रश्नच नव्हता. एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून ते राहिले. अकराव्या दिवशी सकाळी हातात काठ्या घेतलेले डझनभर लोक खोलीपुढे उभे राहिले. सरकारी बंगला मिळावा म्हणून केलेला अर्ज आज-उद्या करत या साहेबाकडून त्या साहेबाकडे फिरत होता. दोन मित्रांकडे ते गेले, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. दोघांनीही सबबी सांगितल्या. मुंबईची गाडी रात्री होती. मधले पाच तास त्यांनी कामाठीबागेत, म्हणजे आताच्या सयाजीबागेत, काढले. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे.

या कथेत खलनायक शोधायला गेलो तर हाती लागतो एक शिपाई. त्याच्यावर सारे ढकलून आपण मोकळे होतो. पण बंगल्याचा अर्ज शिपायाने अडवला नव्हता. तो अडवला ते शिकलेल्या, पगडी घातलेल्या, महाराजांपुढे मान तुकवणाऱ्या अधिकाऱ्यांनी. राजाज्ञा वरून खाली येताना पायरीपायरीला विरघळत गेली. महाराजांनी माणूस निवडला, कचेरी मात्र होती तशीच राहिली. सयाजीरावांचा मी चाहता आहे, बडोद्याचा कोण नाही? तरीही म्हणावे लागते की त्यांची सारी सुधारणा त्यांच्या वैयक्तिक मर्जीच्या दोरीला बांधलेली होती, आणि कचेरीच्या उंबरठ्यावर ती दोरी आखूड पडली.

राज्याने काय गमावले याचा हिशेब पुढच्या वर्षांनी दिला. रुपयाच्या प्रश्नावरचा आंबेडकरांचा प्रबंध १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. चलनाची चौकशी करणाऱ्या हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा ग्रंथ त्यांनी १९२५ मध्ये सयाजीरावांनाच अर्पण केला, यात त्यांचे मोठेपण. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरखाते त्यांच्याकडे होते आणि सिंचन व वीज त्याच खात्यात येत. १९४३ च्या दामोदर नदीच्या पुरानंतर पूर, सिंचन, वीज आणि वाहतूक हे नदीचे एकच काम समजून आखणी करायचा विचार पुढे आला. तो त्यांनी उचलला आणि त्यासाठी कायमची तांत्रिक यंत्रणा उभी केली. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ आले, १९४५ मध्ये केंद्रीय जलमार्ग, सिंचन व नौकानयन आयोग. आजचा केंद्रीय जल आयोग त्याच मुळाचा. कचेरीत पाणी न मिळालेल्या माणसाने देशाच्या पाण्यासाठी कचेरी बांधली, आणि ती मंत्र्याच्या मर्जीवर न सोडता कायम स्वरूपाची बांधली. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

मग आज कचेरी बदलली आहे का?

विश्वामित्रीचेच पाहा. शहराच्या पोटातून वळणे घेत जाणारी ही नदी मगरींसाठी प्रसिद्ध. तिच्या काठाच्या सुशोभीकरणाचा प्रकल्प पुढे आला तेव्हा पर्यावरण कार्यकर्ते, नगररचनाकार, प्राणिशास्त्र आणि भूशास्त्र जाणणारी माणसे यांनी कागद तपासायला घेतले. सरकारने बोलावलेले हे तज्ज्ञ नव्हते. आपल्या वेळेतून, पदरमोड करून ते नकाशे वाचत होते. त्यांचे म्हणणे असे होते की नदी म्हणजे मधला वाहता पट्टा नव्हे. तिची कोतरे (घळी), पूरमैदान, काठची तळी हे सगळे मिळून नदी, आणि ते भरून काढले तर पाणी आपली जागा शोधत घरात येईल. २०१६ मध्ये पर्यावरण कार्यकर्ते रोहित प्रजापती आणि इतर राष्ट्रीय हरित लवादाकडे गेले. मे २०२१ मध्ये लवादाने नदीचे क्षेत्र आखा, अतिक्रमणे काढा, कृती आराखडा करा, असे आदेश दिले. ऑगस्ट २०२४ मध्ये धोक्याची खूण २६ फुटांवर असलेली विश्वामित्री ३५ फुटांच्या वर गेली आणि निम्मे शहर पाण्यात बसले. त्यानंतर समित्या आल्या, पोकलेन आले, नदी खोल-रुंद करायची घाई आली.

पूर फक्त कोतरे बुजवल्यानेच आला असे मी म्हणणार नाही, त्या दिवसांत पाऊसही अफाट झाला. पण जाणकारांचे म्हणणे ऐकवण्यासाठी नागरिकांना लवादाची पायरी चढावी लागते आणि आदेश येऊनही फाइल लांबून फेकली जाते, तेव्हा १९१७ ची ती कचेरी कुठेतरी अजून चालू आहे अशी शंका येते.

दुसरे उदाहरण ऐकताना जीव कासावीस होतो. ९ जुलै २०२५ च्या सकाळी पादरा तालुक्यात महीवरचा गंभीरा पूल मधोमध कोसळला. १९८५ मध्ये बांधलेला तो पूल, वाहनांसकट नदीत. वीसच्या आसपास माणसे गेली. पूल धोकादायक झाल्याची तक्रार एका जिल्हा पंचायत सदस्याने २०२२ मध्ये लेखी केली होती, असे त्या दिवसांत वृत्तपत्रांत आले. नंतर काही अभियंते निलंबित झाले. दोषी असतील तर व्हायलाच हवेत. मला प्रश्न पडतो तो वेगळाच. ‘हा पूल आजपासून बंद’ असे एखाद्या कनिष्ठ अभियंत्याने लिहिले असते, तर त्याच्या पाठीशी कोण उभे राहिले असते? दोन जिल्ह्यांची रहदारी थांबवल्याबद्दल फोन कोणाला आले असते? पूल पडल्यावर अभियंत्याला धरणारी व्यवस्था, पूल पडण्याआधी त्याच अभियंत्याच्या शब्दाला किंमत देते का? आपल्याकडे तंत्रज्ञाला जबाबदारी मिळते, नकाराचा अधिकार मिळत नाही. हा नुसत्या कारभाराचा दोष नव्हे, ही अनीती आहे, असे मी सरळ म्हणतो. ज्याचे ऐकायचेच नाही त्याला टेबलाशी बसवणे म्हणजे त्याच्या नावाचा शिक्का वापरणे.

तंत्रज्ञांनीही फार खूश होऊ नये. शिधावाटपाच्या दुकानात यंत्रावर ज्यांचा ‘अंगठा लागत नाही’ त्या म्हाताऱ्या मजुरांना धान्याविना परत पाठवणारी व्यवस्था काही अडाणी माणसांनी आखलेली नव्हती. विटा उचलून, भांडी घासून बोटांच्या रेषा झिजतात, हे ती आखणाऱ्यांच्या घरात कोणाला अनुभवाने ठाऊक नव्हते. जाणकार कुठल्या घरातून येतो याला म्हणूनच महत्त्व आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने थेट भरतीने पंचेचाळीस पदांवर बाहेरचे तज्ज्ञ घेण्याची जाहिरात काढली आणि त्यात आरक्षण नाही म्हणून गदारोळ होताच तीन दिवसांत ती मागे घेतली. ‘तज्ज्ञतेत जात कशाला आणता?’ असे तेव्हा बऱ्याच शहाण्यांनी विचारले. बडोद्यात राहून हा प्रश्न विचारायला धाडस लागते. इथे जात तज्ज्ञतेत आणली ती टेबलाच्या दुसऱ्या बाजूने, आणि तीही देशातल्या सर्वोत्तम तज्ज्ञाच्या बाबतीत.

बाहेरून माणसे घ्यावीत, जरूर घ्यावीत. पण आधी कचेरीचे नियम बदलावेत. पूल, नदी, यंत्रप्रणाली यांवर निर्णय होईल तेव्हा तंत्रज्ञाचे टिपण काटछाट न करता फाइलीत राहावे आणि ते लोकांना पाहता यावे. ते फेटाळणाऱ्या साहेबाने आपली कारणे स्वतःच्या सहीनिशी लिहावीत. धोक्याची सूचना देणाऱ्याच्या बदलीला काही वर्षे बंदी असावी. महापालिकेत जलशास्त्र जाणणारा माणूस कंत्राटी सल्लागार म्हणून न येता पगारी, कायम नोकर म्हणून बसावा, आणि त्या खुर्च्यांवर झिजलेल्या बोटांच्या घरांतली मुलेही बसावीत. यातले काहीच खर्चिक नाही. म्हणूनच कदाचित होत नाही, ज्यात निविदा नाही त्यात कोणाला रस?

सयाजीबागेतली, जिथे आंबेडकरांनी ते पाच तास काढले ती जागा आता ‘संकल्पभूमी’ म्हणून ओळखली जाते. त्या प्रसंगाच्या आठवणीत दर २३ सप्टेंबरला तिथे निळे झेंडे घेऊन माणसे जमतात. विश्वामित्री या बागेतूनच वाहते. २०२४ च्या पुरात पाणी बागेत शिरले होते. त्यानंतर महिन्याभराने संकल्पभूमीवर माणसे नेहमीसारखीच आली.