युद्धातील असत्य आणि विश्वासाचे ऋण

महाभारतातील द्रोणवधाचा प्रसंग आपण सर्वांनी बालपणापासून ऐकलेला आहे. अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला जातो आणि पुत्रच पडल्याची हाकाटी होते. भीमाच्या शब्दावर विश्वास न ठेवता द्रोणाचार्य धर्मराजाला विचारतात, आणि त्याच्या उत्तरानंतर, भूमीला न टेकणारा त्याचा रथ खाली येतो. या कथेवर बोलताना धर्मराजाचे वर्तन क्षम्य होते की नाही, एवढ्यावरच आपली चर्चा थांबते. वस्तुतः विचार करण्याजोगी गोष्ट आणखी एक आहे. भीमाचे असत्य निष्फळ ठरले आणि धर्मराजाचे सफल झाले, ते त्याच्या आयुष्यभराच्या सत्याच्या पुण्याईमुळे. युद्धातील फसवणूक नेहमी कोणाच्या तरी विश्वासार्हतेवर जगते. तेव्हा ती विश्वासार्हता कोणाची, आणि तिची किंमत कोण मोजतो, हेही विचारले पाहिजे.

हा प्रश्न आम्हा बडोदेकरांना एका नावामुळे जवळचा वाटतो. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८८६ साली येथे गायनशाळा सुरू करणाऱ्या मौलाबक्ष यांचे दौहित्र इनायत खाँ यांचा जन्म १८८२ साली बडोद्यात झाला. पुढे ते संगीत आणि सूफी विचार घेऊन पाश्चात्त्य देशांत गेले. १९१४ साली मॉस्को येथे जन्मलेली त्यांची कन्या नूर पॅरिसजवळ वाढली, बालमानसशास्त्र शिकली, मुलांसाठी कथा लिहू लागली. तिने इंग्रजीत सांगितलेल्या वीस जातककथांचे पुस्तक १९३९ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी महायुद्ध पेटले. १९४० मध्ये फ्रान्स पडल्यावर हे कुटुंब इंग्लंडला गेले. तेथे नूर बिनतारी संदेशयंत्र चालवण्यास शिकली आणि पुढे एसओई या ब्रिटिश गुप्त संघटनेत दाखल झाली.

सत्याच्या संस्कारात वाढलेल्या या मुलीला खोटे बोलणे जमेल का, अशी शंका तिच्या प्रशिक्षकांनाही होती. ती या कामास योग्य नाही, असे अभिप्राय काही अहवालांत आहेत. तरीही जून १९४३ मध्ये ‘मादलेन’ या टोपणनावाने तिला व्याप्त फ्रान्समध्ये पाठवण्यात आले. थोड्याच दिवसांत पॅरिसमधील तिचे बहुतेक सहकारी पकडले गेले. परत येण्याची मुभा असतानाही तिने ती नाकारली. लंडनशी उरलेला दुवा तुटू नये म्हणून जागा बदलत ती संदेश पाठवत राहिली. ऑक्टोबरमध्ये फितुरीमुळे ती पकडली गेली. पॅरिसमधील जर्मन गुप्तचर कचेरीचा प्रमुख हान्स कीफर याने युद्धानंतरच्या जबानीत सांगितले की, तिने कोणतीही माहिती दिली नाही. सत्य सांगणे म्हणजे द्रोह आणि असत्य रचणे स्वभावाबाहेरचे, अशा पेचात तिने मौनाचा आश्रय घेतला असावा, असे आम्हांस वाटते.

परंतु तिने जपून ठेवलेल्या वहीत पाठवलेल्या संदेशांच्या प्रती होत्या. जे मौनाने राखले, ते वहीने उघड केले. हाती लागलेल्या यंत्रावरून जर्मनांनी तिच्याच नावाने लंडनशी संभाषण चालू ठेवले. धोक्याच्या खुणा असूनही लंडनच्या कार्यालयाने ते संदेश दीर्घकाळ खरे मानले. १९४४ च्या फेब्रुवारीअखेर मादलेन दामेरमाँ ही फ्रेंच तरुणी दोन सहकाऱ्यांसह हवाई छत्रीने उतरली, तेव्हा खाली स्वागताला शत्रूच उभा होता. १३ सप्टेंबर १९४४ रोजी डाखाऊच्या छळछावणीत नूरला गोळी घातली गेली. तिच्याबरोबर मारल्या गेलेल्या तीन स्त्रियांत मादलेन दामेरमाँही होती.

येथे रागाच्या भरात सोपा निवाडा करण्याचा मोह आवरला पाहिजे. जर्मनांनी जी युक्ती केली, तीच ब्रिटिशांनीही केली. इंग्लंडमध्ये पकडलेल्या जर्मन हेरांना वळवून त्यांच्याकरवी खोट्या बातम्या पाठवल्या गेल्या, आणि १९४४ च्या नॉर्मंडीच्या स्वारीपूर्वी शत्रूला भलत्याच किनाऱ्याकडे गुंतवण्यात त्यांचा उपयोग झाला. १९०७ ची हेग येथील नियमावली युद्धातील अशा हुलकावण्यांना मुभा देते. ती मनाई करते ती शरणागतीच्या पांढऱ्या निशाणाचा किंवा रेडक्रॉसच्या चिन्हाचा आडोसा घेण्यास, कारण त्या चिन्हांवरचा विश्वास उडाला तर उद्या खऱ्या शरणागतालाही कोणी जीवदान देणार नाही. तीच नियमावली असेही सांगते की, पकडलेल्या हेराला खटल्यावाचून शिक्षा देता येणार नाही. नूरच्या बाबतीत खटला झालाच नाही. यंत्रावरची फसवणूक ही युद्धातील युक्ती होती. डाखाऊची हत्या हा निखळ अपराध होता. या दोन्ही गोष्टी एका मापाने मोजता येत नाहीत.

मग लंडनच्या कार्यालयाचे काय? त्यांनी नूरला फसवले, असे आम्ही म्हणणार नाही. त्यांनी स्वतःला फसवले. आपली माणसे सुरक्षित आहेत, आपली योजना चालू आहे, हे ऐकण्याची त्यांना इतकी निकड होती की, परके बोट यंत्रावर आहे ही शंका त्यांनी बाजूला सारली. या आत्मवंचनेला कोणत्याही नियमावलीत कलम नाही. मात्र तिची किंमत कार्यालयात बसलेल्यांनी दिली नाही. ती दामेरमाँने दिली. ज्या ‘मादलेन’ नावावर विसंबून तिला पाठवले, त्या नावामागील विश्वास नूरने जीव धोक्यात घालून मिळवलेला होता.

म्हणून आमचे मत असे की, युद्धात शत्रूशी असत्य बोलण्याची मुभा मान्य करावी, पण ती एक कर्ज समजावी. जो शत्रूला हुलकावणी देण्यास माणसे पाठवतो, त्याच्यावर त्या माणसांशी आणि स्वतःशी दुप्पट सत्याने वागण्याचे बंधन येते. त्याने आवडती बातमी सर्वांत आधी तपासावी, नावडत्या इशाऱ्याला दार उघडे ठेवावे. असत्याचा व्यवहार करणाऱ्यास सत्याची गरज इतरांहून अधिक असते.

१९४९ साली नूरला मरणोत्तर जॉर्ज क्रॉस देण्यात आला, आणि २०१२ साली लंडनच्या गॉर्डन स्क्वेअरमध्ये तिचा अर्धपुतळा उभा राहिला. हे सन्मान उचितच आहेत. तथापि सन्मानाने ऋण फिटते, असे आम्हांस वाटत नाही. धर्मराजाचा रथ खाली आला, तो निदान त्याचा स्वतःचा होता.