ज्याचे त्याला

जानेवारी १६६४ चा विषय निघाला, की सुरतेत राहणारे आम्ही मराठी लोक थोडे सावध होतो. शेजारी हसत हसत विचारतो, "तुमच्या महाराजांनी नेलेले परत कधी देता?" आम्हीही हसून वेळ मारून नेतो आणि मनात उत्तरांची जुळवाजुळव करतो. शाहिस्तेखानाच्या फौजेने पुणे प्रांत उजाड केला होता. घाव मोगल सत्तेवर घालायचा होता. दानशूर म्हणून ख्याती पावलेल्या मोहनदास पारेखांच्या घराला हात लागला नव्हता. ही उत्तरे खोटी नाहीत. पण वीरजी व्होराची पेढी लुटली गेली, हेही खोटे नाही. आणि शाहिस्तेखानाच्या अपराधाची भरपाई त्या सावकाराने का करावी, हा प्रश्न उरतोच.

तो दावा आज कोणत्याही न्यायालयात उभा राहणार नाही. वादी नाही, प्रतिवादी नाही, वस्तूही नाही. राजापूरच्या वखारीच्या लुटीबद्दल इंग्रजांनी वर्षानुवर्षे तगादा लावला, तेव्हा १६७४ मध्ये रायगडावरील तहात भरपाई मान्य झाली. पण तीही पैशांत. नेलेली वस्तू गेली ती गेलीच.

आजचा कायदा एक पाऊल पुढे आहे. १९६३ च्या स्पेसिफिक रिलीफ ॲक्टच्या कलम ८ प्रमाणे, वस्तू विश्वस्त म्हणून हाती असेल किंवा पैशांनी तिची भरपाई होण्यासारखी नसेल, तर धारकाला ती वस्तूच परत करण्यास भाग पाडता येते. डिक्रीत रक्कमही लिहिली जाते, पण ती वस्तू मिळू शकली नाही तरच. यामागचा विचार आम्हाला मोलाचा वाटतो. "किंमत घ्या आणि गप्प बसा" असे म्हणणे म्हणजे मालकाच्या संमतीवाचून त्याची वस्तू विकत घेणे होय. पैसे मोजल्याने अन्याय व्यवहार ठरत नाही.

हे तत्त्व आम्ही शेजाऱ्याला ऐकवू. पण आमच्या स्वतःच्या लॉकरचे काय? स्त्रीधनावर स्त्रीचीच संपूर्ण मालकी असते, सासरकडे ते केवळ विश्वासाने ठेवलेले असते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये स्पष्ट सांगितले. तरीही सून माहेरी निघून गेली, की आमच्या कित्येक घरांत पाटल्या आणि मोहनमाळ आत राहतात आणि किल्ली सासूच्या कमरेला. कारणे तयारच असतात: भांडण तिनेच उकरले, लग्नात आमचाही खर्च झाला, दागिना घराण्याचा आहे. एखादा दागिना दिला होता की केवळ घालायला काढला होता, हा वाद खरा असू शकतो. त्याचा निवाडा व्हावा. पण किल्ली ज्याच्या हाती, तो न्यायाधीश नव्हे.

१६६४ च्या समर्थनार्थ आम्ही जी कारणे देतो, त्यांना निदान युद्धाची पार्श्वभूमी आहे. लॉकरच्या बाबतीत तीही नाही. येथे वस्तू शाबूत आहे, मालकीण हयात आहे, पत्ता ठाऊक आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वीचे परत करणे आमच्या हाती नाही. हे मात्र उद्या सकाळी, तिने दावा लावण्याआधी, परत करता येईल. तिला दावा लावावा लागला, तर तो निकालापूर्वीच आम्ही हरलेलो असू.