एकटेपणा आणि आपली मंडळी

शास्त्रपाठ : २ तीमथ्य ४:९-२१



एखाद्या रविवारी उपासना संपल्यावर मंदिराच्या दाराशी थोडा वेळ उभे राहून पाहा. जो तो दुसऱ्याला सलाम करतो, पाळकसाहेब प्रत्येकाशी हात मिळवतात, मुले धावत बाहेर येतात. पंधरा मिनिटांत आवार रिकामे होते. या गर्दीतलेच कोणी घरी जाऊन कुलूप काढते, आणि पुढल्या रविवारपर्यंत त्याच्याशी मनातले बोलणारे कोणी नसते. मंडळीत नेमाने येणारा माणूस एकाकी असू शकतो काय? आणि असला तर दोष कोणाचा?

आपल्यातले काही जण चटकन म्हणतात, “प्रभू सोबत असताना एकटे कसे वाटते? विश्वास कमी पडतो.” हे उत्तर भक्तीचे वाटते, पण ते शास्त्राला धरून नाही. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात आदाम एदेन बागेत आहे. पाप अजून जगात आलेले नाही आणि देवाची संगती आहे. तरीही त्याचे एकटेपण देवाला चांगले दिसले नाही. तेव्हा एकाकीपणा हे पाप नव्हे; भूक-तहानेसारखी ती देवानेच घातलेली गरज आहे. भुकेल्याला आपण विश्वास वाढव असे सांगून दारातून परत पाठवीत नाही.

एकांत आणि एकाकीपणा यांतही फरक आहे. प्रभू येशू प्रार्थनेसाठी एकांती जात असे. तो एकांत त्याने स्वतः निवडलेला होता. एकाकीपणा कोणी निवडत नाही, तो माणसावर येऊन पडतो.

प्रेषित पौलावरही तो आला. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी तो आपले दुःख झाकून ठेवीत नाही. देमास सोडून गेला, जवळ एकटा लूक उरला. त्रोवसात कार्पाकडे राहिलेला झगा घेऊन ये, पुस्तके आण, आणि थंडीचे दिवस लागण्याआधी येऊन पोहोच, असे तो तीमथ्याला विनवितो. एवढा मोठा प्रेषित, पण मला तुझी गरज आहे हे सांगायला तो लाजत नाही. त्यातच तो मार्कालाही घेऊन यायला सांगतो. याच मार्काला बरोबर नेण्यावरून पूर्वी पौल आणि बर्णबा यांची ताटातूट झाली होती. आता पौल म्हणतो की सेवेसाठी तो आपल्याला उपयोगी आहे. एके काळी नाकारलेल्या माणसाला ते शब्द ऐकून काय वाटले असेल!

एलीयाचेही असेच झाले. आपण एकटेच उरलो म्हणून तो रानात झुडपाखाली मरण मागत पडला. देवाने त्याला आधी झोप दिली, भाकर व पाणी दिले. पण तेवढ्यावर न थांबता पुढे त्याला काम दिले, आणि अलीशासारखा सोबतीही दिला.

आपल्या पूर्वजांना हे चांगले ठाऊक होते. बेळगावात १८३१ साली जन्मलेल्या बाबा पदमनजींनी १८५४ साली तेथेच बाप्तिस्मा घेतला. १८९५ साली ना. वा. टिळक ख्रिस्ती झाले, तेव्हा लक्ष्मीबाई आणि ते काही वर्षे दुरावले होते. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा १९०० साली झाला. त्या काळी बाप्तिस्मा घेणाऱ्याचे घर, पंगत, पाणवठा सगळे तुटत असे. मंडळी हेच त्यांचे गणगोत झाले. ‘बंधू’ आणि ‘भगिनी’ हे शब्द तेव्हा नुसते सभेतले शब्द नव्हते.

आज आपल्याला घरदार आहे. मुले मात्र नोकरीसाठी पुण्याला, बंगळुरूला, आखाती देशांत गेली आहेत. ब्रिटनमध्ये २०१८ साली एकाकीपणाच्या प्रश्नासाठी सरकारला मंत्री नेमावा लागला. आपल्याला मंत्र्याची वाट पाहण्याचे कारण नाही, पण आपली रीत तपासली पाहिजे.

आमच्या मंडळीत एक निवृत्त शिक्षिका होत्या. सगळे त्यांना बाईच म्हणत. यजमान प्रभूमध्ये निजले होते, मुले परगावी होती. आम्ही चौघे महिन्यातून एकदा त्यांच्याकडे जात असू. डझनभर केळी, एक अध्याय, एक प्रार्थना, मग चहा. आणि कर्तव्य केल्याच्या समाधानात आम्ही परतत असू. एकदा निघताना त्या म्हणाल्या, “तुम्ही येता, तुमचे उपकार आहेत. पण दोन वर्षांत कोणी मला एक काम सांगितले नाही. मी काय केळी खायलाच उरले आहे?”

आम्ही निरुत्तर झालो. त्यांचे नाव आम्ही भेटी देण्याच्या यादीत घातले होते आणि सेवा करणाऱ्यांच्या यादीतून केव्हाच खोडले होते.

त्या वेळी संडे स्कूलच्या लहान वर्गाला कोणी शिकवणारे नव्हते. मी भीत भीत विचारले, “बाई, तुम्हाला झेपेल का?”

“झेपण्याचे मी बघते. मुले किती आहेत ते सांगा.”

पुढल्या रविवारी त्या सर्वांच्या आधी येऊन बसल्या होत्या. मग शनिवारी मुले गीते शिकायला त्यांच्या घरी जाऊ लागली. त्यांची संध्याकाळ रिकामीच राहिली, मुलगा दूरच राहिला. ते दुःख आम्हाला काढून घेता आले नाही. पण एका रविवारी तापामुळे त्या आल्या नाहीत, तेव्हा बारा मुले मला विचारीत होती, “बाई का नाही आल्या?” ज्याची अशी वाट पाहिली जाते तो घरी एकटा राहत असेल, पण एकाकी नसतो.

बंधुभगिनींनो, एकाकी माणसाची भेट घेणे चांगलेच आहे. ते सोडू नका. पण नुसते देत राहिलो तर आपण त्याला पाहुणा करून ठेवतो. त्याच्याकडून काही मागितले की तो घरचा होतो. वडील मंडळींनी आपली यादी काढून पाहावी. संडे स्कूलच्या शिक्षकांनी मुलांना गैरहजर मुलाच्या घरी पाठवावे. आणि जो स्वतः एकाकी असेल त्याने पौलाप्रमाणे संकोच सोडून कोणाला तरी निरोप धाडावा.

पौलाने तीमथ्याला थंडी लागण्याआधी बोलावले होते. आपल्या मंडळीतही कोणी तरी अशी वाट पाहत असेल. या आठवड्यात त्याच्याकडे जा, आणि जाताना त्याच्यासाठी एक काम घेऊन जा.