फाशांचे गणित आणि फलाशा

बंगळूरचा महादेवपुरा हा भाग आज संगणक-व्यवसायाच्या कचेऱ्यांनी गजबजलेला आहे. तेथे गणितावर उपजीविका करणाऱ्या गृहस्थाच्या मनात एक शंका सहज येईल: 'फळाचे अनुमान जर आधीच करता येते, तर फळावर आपला अधिकार नाही, असे गीता का सांगते?' या शंकेचे उत्तर फाशांपाशीच मिळते.

सहा अंकांच्या निर्दोष फाशावर प्रत्येक अंक पडण्याची संभाव्यता १/६ असते. १ ते ६ अंकांची बेरीज २१; तिला ६ ने भागले असता ३.५ येतात. हे एका दानाचे अपेक्षित मूल्य होय. परंतु ३.५ हे दान कोणत्याही फाशावर पडत नाही! ६०० दाने टाकली असता प्रत्येक अंक सुमारे १०० वेळा येईल, एवढेच गणित सांगते. पुढचे दान कोणते, हे सांगत नाही. शिवाय फाशाला स्मृती नसते. पाच वेळा हरलेल्याला 'आता तरी दान आपले' असे वाटते, ती आशा फाशात नसते, मनात असते.

या आशेलाच कली म्हणावे. वनपर्वातील नलराजा कलीने ग्रासल्यामुळे कित्येक महिने पुष्करापुढे हरत राहिला. दमयंतीचेही त्याने ऐकले नाही. पुढे बाहुक नावाने सारथी होऊन तो ऋतुपर्णाला विदर्भाकडे नेत होता. वाटेत बेहड्याचे झाड लागले. याच बेहड्याच्या फळांचे फासे त्या काळी करीत. त्याच्या दोन फांद्यांवर २०९५ फळे आहेत, असे ऋतुपर्णाने केवळ पाहून सांगितले. नलाने मोजली, तो तितकीच भरली. अश्वविद्येच्या बदल्यात त्याने ऋतुपर्णाकडून अक्षविद्या घेतली आणि तत्काळ कली त्याच्या देहातून बाहेर पडला. पुढे पुष्कराला एकाच दानात जिंकूनही नलाने त्याला क्षमा केली.

म्हणून गृहस्थाने पेरणीचा, विम्याचा, मुलांच्या शिक्षणाचा हिशेब अवश्य करावा. हिशेब हे कर्म निवडण्याचे साधन आहे, फळावर हक्क सांगण्याचे नव्हे. विचारपूर्वक केलेल्या कर्माचे दान उलटे पडले, म्हणून ते कर्म अयोग्य ठरत नाही. आणि जुगारात जिंकल्याने जुगार योग्य ठरत नाही. दुसऱ्या अध्यायाच्या ४७ व्या श्लोकाचा आशय संसारी माणसाला एवढा कळला, तरी त्याच्या घरातील कली निघून जाईल.