फळीच्या पाठीमागे

शस्त्रविद्या मुलांस शिकवावी की नाही, हा वाद आपल्याकडे जुना आहे. शिकवायचीच झाली तर ती कोठे, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो. करी रोडच्या चाळींत हा प्रश्न टाळता येत नाही. तेथे एका बिऱ्हाडाची भिंत तीच दुसऱ्याचीही भिंत असते. अशा ठिकाणी एखाद्या तरुणास सुरी फेकून नेम साधण्याचा छंद जडला, तर त्यास काय सांगावे?

'हे गुंडांचे काम' म्हणून त्यास झिडकारणे आम्हांस पटत नाही. कोल्हापूरच्या मर्दानी खेळांत दांडपट्ट्याबरोबर विटाही आहेच. तो फेकीचा भाला खरा. पण त्यास दोरी असते, आणि तिचे टोक फेकणाऱ्याच्या हाती राहते. सुरीस दोरी नाही. म्हणून या विद्येतील सारा विवेक हात सुटण्यापूर्वीच खर्ची घालावा लागतो.

तो विवेक साध्या गोष्टींत असतो. स्वयंपाकघरातील सुरी येथे कुचकामाची. तिचे पातळ, कडक पाते आपटून तुटते. फेकीची सुरी जाड, मुठीसकट एकसंध पोलादाची, तुटण्याऐवजी वाकणारी असावी. टोक अणकुचीदार, पण धार मुळीच नको. सारख्या वजनाच्या तीन घ्याव्यात, म्हणजे हातास एकच सवय लागते. फळी मऊ लाकडाची; ओंडक्याचा आडवा काप मिळाल्यास उत्तम. सुरी हवेत फिरत जाते, म्हणून नेम जोरावर नव्हे, अंतरावर अवलंबून असतो. टोकाऐवजी मूठ आपटली तर अर्धे पाऊल पुढेमागे व्हावे. नवशिका नेमका येथेच चिडून जोर करतो, आणि सुरी उसळून त्याच्याच अंगावर येते. पाहणाऱ्यांनी फेकणाऱ्याच्या बरेच मागे राहावे, हे सांगणे नकोच.

पण फळीच्या पाठीमागे काय आहे? स्वतःच्या अंगावर ओढवून घेतलेला धोका हे धाडस. शेजारणीच्या पोरावर न विचारता टाकलेला धोका हा अन्याय, मग इजा होवो वा न होवो. सर्कशीत फळीपुढे उभी राहणारी बाई निदान संमती देऊन उभी असते (पोटासाठी दिलेली ती संमती कितपत खरी, हा निराळा प्रश्न). जिन्यावरून धावत येणाऱ्या मुलाने कोणती संमती दिलेली असते? 'आजवर कोणास लागले नाही' असे म्हणणारा दैवाचे श्रेय आपल्या हातास देतो.

तेव्हा गॅलरीत नको, गच्चीवर नको. मागे मातीचा उंच बांध असलेले मोकळे रान मिळेपर्यंत सुऱ्या बांधून ठेव, असेच आम्ही त्यास सांगू. गिरणगावात असे रान कोठे, असे तो विचारील, आणि त्याचे विचारणे रास्त आहे. १९९१ च्या नियमाप्रमाणे पुनर्विकासास निघालेल्या गिरणीच्या जमिनीचा सुमारे तिसरा हिस्सा मोकळ्या जागेसाठी यावयाचा होता. २००१ साली तो हिशेब केवळ रिकाम्या जमिनीपुरता उरला, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल ग्राह्य धरला. त्या वाटणीत या तरुणास कोणी विचारले नव्हते.