कृतज्ञता आणि नवस

परीक्षांचे निकाल लागले की मंदिरात पेढ्यांचे पुडे येऊ लागतात. यंदाही आले. एका गृहस्थांनी मुलाच्या यशाप्रीत्यर्थ देवापुढे पुडा ठेवला व उपस्थितांस प्रसाद वाटला. त्याच वेळी सभामंडपातील खांबाशी दुसरे एक कुटुंब बसले होते. त्यांचा मुलगा त्याच परीक्षेत अनुत्तीर्ण झाला होता. त्यानेही मान खाली घालून, हात पुढे करून पेढा घेतला. तेव्हापासून एक प्रश्न आमच्या मनात घोळत आहे. यश मिळाले ही देवाची कृपा म्हणावी, तर ज्यास अपयश आले त्याच्यावर देवाची अवकृपा झाली असे समजावयाचे काय?

आम्हांस तसे वाटत नाही. नवस बोलणे व फेडणे ही आपली जुनी रीत आहे आणि तिच्यात श्रद्धा आहे, यात शंका नाही. परंतु कार्य झाले तर नारळ आणि न झाले तर रुसवा, एवढ्यावरच भक्ती थांबली तर तो केवळ व्यवहार होय. व्यवहारात हिशेब चुकता झाला की संबंध संपतो. कृतज्ञतेने तो दृढ होतो.

या बाबतीत तुकाराम महाराजांचे चरित्र चिंतनीय आहे. इ. स. १६३० च्या सुमारास दख्खनेत भीषण दुष्काळ पडला, तेव्हा त्यांचे वय अवघे बावीस वर्षांच्या आसपास होते. घरचा व्यापार बुडाला, दिवाळे निघाले, पहिली पत्नी अन्नावाचून गेली. पुढे हे सर्व त्यांनी स्वतःच अभंगांतून सांगितले आणि जे झाले ते बरेच झाले, असे देवापाशी बोलून दाखविले.

मात्र येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवल्या पाहिजेत. पहिली ही की, हे उद्गार त्यांनी स्वतःच्या संकटाविषयी काढले आहेत. दुसऱ्याच्या घरी प्रेत पडले असता ‘देव करतो ते बऱ्यासाठीच’ असे सांगत जाणे ही भक्ती नव्हे, निष्ठुरता होय. आपल्या दुःखातून देवाकडे वाट कशी गेली हे ज्याचे त्यानेच आणि सवडीने सांगावे. तोवर इतरांनी त्याच्या घरी भाताचे पातेले पोहोचवावे व मुकाट्याने जवळ बसावे.

दुसरी गोष्ट अशी की, महाराजांची कृतज्ञता शब्दांपुरती राहिली नाही. मोडकळीस आलेले विठ्ठलाचे देऊळ त्यांनी दुरुस्त केले. परंपरा असेही सांगते की, कर्जखतांतील भावाचा वाटा त्यास देऊन स्वतःच्या वाट्याची खते त्यांनी इंद्रायणीत सोडली. दुष्काळाने जे त्यांस सोसावयास लावले, तेच त्यांच्या ऋणकोंनीही सोसले होते. स्वतःच्या आपत्तीतून दुसऱ्याची आपत्ती दिसू लागणे, हेच आमच्या मते आभार मानण्याचे कारण आहे.

मग सुखात आभार कशाचे मानावयाचे? हे यश माझ्या एकट्याचे नाही, या जाणिवेचे. पहाटे उठवून चहा करून देणारी आई, शिकवणीचे पैसे न मागणारे गुरुजी, दुखणे न आलेले शरीर, यांतील किती गोष्टी आपण मिळविल्या आणि किती आपणांस लाभल्या? असा विचार करणारा मनुष्य देवापुढे हात जोडतो, तेव्हा त्याचा अहंकार आपोआप उतरतो. आणि संकटात आभार मानावयाचे ते संकटाचे नव्हेत. त्याही काळात जो आधार सुटला नाही, त्याचे.

म्हणून सभासद कुटुंबांस आमची एक नम्र सूचना आहे. पेढे अवश्य आणावेत. परंतु उत्तीर्ण झालेल्या मुलाने आपली पुस्तके व टिपणे उचलून खांबाशी बसलेल्या त्या मुलाकडे न्यावीत आणि फेरपरीक्षेपर्यंत त्याच्यासोबत रोज तासभर बसावे. तसे झाले तर देवापुढे ठेवलेला तो पेढा दोघांच्याही मुखी प्रसाद होईल.